तारेवरचा चहा

१ जुलै १९१८

फ्लोरा,

काल तू दुसऱ्या कपावर उठलीस. आपल्या घराण्यात दुसऱ्या कपावर आजवर कोणी उठलेलं नाही. आजोबांच्या गोठ्याला आग लागली तेव्हाही ते म्हणे तिसरा संपवूनच बादली घ्यायला उठले. हे आईचं सांगणं, तेव्हा त्यातलं निम्मं सोडून दे. पाहुण्यानं चमचा कपात ठेवला की पुरे, बशीत ठेवला की ओतत राहायचं, हे इथं अमेरिकेत, आयोवात जन्मलेल्या पोरांनाही कळतं. तुझा चमचा बशीत आहे. मी ती बशी अजून उचललेली नाही.

मी एकच प्रश्न विचारला होता. "फोल्के, तू ऐकत होतीस ना?" तू हातमोजे चढवलेस आणि म्हणालीस, "मला फ्लोरा म्हणत जा." घे, म्हटलं.

पत्र मात्र आपल्या प्लाटमध्येच, गावाकडच्या जर्मन बोलीतच लिहिणार. जर्मनीशी लढाई म्हणून निघालेल्या राज्यपालांच्या हुकमात शाळा आहे, आगगाडी आहे, रस्ता आहे, चर्च आहे, टेलिफोन आहे. सगळीकडे फक्त इंग्रजी. पत्राचं नाव नाही. विसरले बिचारे. हे पत्र वाटेत कोणी फोडून वाचत असेल तर त्यालाही नमस्कार. पाय पुसून आत या म्हणावं.

तीन मैलांवरच्या बहिणीला पत्र लिहायची वेळ यावी! पण फोनवर माझं इंग्रजी तुला लाज आणतं, आणि प्लाट बोलले तर मी पुन्हा तुझ्या नवऱ्याच्या देशरक्षण समितीपुढं उभी. समितीत तू दुभाषी म्हणून बसली होतीस, तेव्हा काय झालं ते तुला माहीत आहे. पण तू बहुतेक वेळ मान खाली घातली होतीस, म्हणून मला काय दिसलं ते सांगते.

मला आठ पुरुष दिसले. मधे अध्यक्ष म्हणून थॉर्न, तोच लाकडाच्या वखारीचा. शेजारी वही घेऊन तुझा लाइल. समोर आम्ही तिघी: मी, म्हातारी वुब्के आणि ट्रिएन्त्ये, जिचं सहावं पोर अजून अंगावर पितंय. आमचा गुन्हा हा की दुपारी चहाच्या वेळी आम्ही तिघी आपापल्या स्वयंपाकघरात फोन उचलतो आणि बरोबर चहा पितो. माझा हार्म गेल्यापासून या घरात माझ्याखेरीज कोणाचा आवाज नाही. वुब्केचा मुलगा आणि सून दिवसभर शेतात. ट्रिएन्त्येच्या घरी आवाज भरपूर, पण ऐकून घेणारं कोणी नाही. म्हणून तीन कप, खडीसाखर, साय आणि गप्पा. याला लाइलच्या वहीत 'शत्रूच्या भाषेतील नियमित संभाषण' असं नाव पडलं. कैसरला आपलं प्लाट एक अक्षर कळलं नसतं, पण हे वखारवाल्याला कोण सांगणार?

मग त्यांनी आमचं बोलणं वाचून दाखवलं. इंग्रजीत. वुब्केच्या कोंबडीचं वाचलं, माझ्या गुडघ्याचं वाचलं. आणि ट्रिएन्त्येनं जे मला विचारलं होतं, की आता सातवं नको, नवऱ्याला दूर कसं ठेवायचं, तेही वाचलं. आठ पुरुषांसमोर. तिनं ते कधी पाद्र्यालाही सांगितलं नव्हतं. तिला इंग्रजी कळत नाही, म्हणून ते तू तिला परत प्लाटमध्ये सांगितलंस, हळू आवाजात. तिनं कडेवरचं पोर घट्ट धरलं.

आमच्या एकाच तारेवर अकरा घरं आहेत; कोणीही फोन उचलला की बाकीच्यांचं बोलणं ऐकू येतं. त्यांतली प्लाट कळणारी चार. तीन आम्ही. चौथं घर गावाच्या वेशीवरचं, तुझं.

आता यापुढं तूच सांग.

गेशे

१५ जुलै १९१८

फ्लोरा,

उत्तर नाही. पत्र परतही आलं नाही, म्हणजे घेतलंस.

त्या दिवशी वुब्केनं तुला काय सांगितलं आणि तू त्याचं काय केलंस ते आठवून मी काल एकटीच हसले. ती म्हणाली, "या वखारवाल्याला सांग, त्याच्या डोक्यातही तोच माल भरलाय." आणि तू उठून गंभीरपणे इंग्रजीत सांगितलंस, "श्रीमती यान्सेन म्हणतात, त्यांना फार वाईट वाटतं." माझं इंग्रजी तेवढं समजण्याइतकं आहे. तेव्हा वाटलं होतं, हिच्यात आपली फोल्के अजून शिल्लक आहे. चार वर्षांची असताना बोटीवर माझ्या शालीत झोपून आली होतीस ती.

माझ्या बोलण्याचं मात्र तू भाषांतर केलं नाहीस. करायची गरजही नव्हती, मी सरळ इंग्रजीतच बोलले. नागरिकत्वासाठी हार्म घटनेची ती लहान पुस्तिका रोज मोठ्यानं पाठ करायचा आणि मी भांडी घासता घासता ऐकायची. त्याची परीक्षा झाली आणि मीही नागरिक झाले, गाईबरोबर वासरू मिळतं तशी. म्हणून मी थॉर्नला म्हटलं, "बोलायचं स्वातंत्र्य त्या पुस्तिकेत आहे."

"आहे ना, बाई. पण ते या देशाच्या भाषेत."

"तसं तिथं लिहिलेलं नाही. माझा नवरा रोज वाचायचा."

"तिथं लिहिलंय की वॉशिंग्टनच्या काँग्रेसनं बोलणं रोखणारा कायदा करू नये. आम्ही काँग्रेस नाही."

"मग तुम्ही कोण?"

त्याचे कान लाल झाले. तू खिडकीबाहेर बघत होतीस. दंड म्हणून रेडक्रॉसला पैसे द्या आणि यापुढं फोनवर फक्त इंग्रजी, असं ठरलं. पैसे गेले त्याचं मला काही नाही. जखमी पोरांच्या पट्ट्यांना लागले असतील तर बरंच झालं. पण मी रात्रंदिवस त्या एका प्रश्नावर अडकले आहे. माझ्या घरात, माझ्या चुलीपाशी, मी कोणाशी कशाबद्दल बोलते, हे बघायला येणारा हा माणूस कोण? आणि त्याला दार कोणी उघडलं?

आता नवीन ऐक. दंड झाल्यावर दोन आठवडे फोनला हात लावला नाही. मग परवा चहाच्या वेळी किटली उतरवली आणि हात सवयीनं तिकडं गेला. उचलला. बोलणार काय? गप्प उभी राहिले. तेवढ्यात तारेवर खट् झालं. आणखी एकदा खट् झालं. तिघी! कोणी बोललं नाही. मी साखरेवर चहा ओतला आणि तो खडा तडतडला. तिकडे वुब्केचा तडतडला. ट्रिएन्त्येच्या घरी पोर कुरकुरत होतं, त्याच्यामागून तिच्या बशीचा आवाज आला. तीन कप आम्ही असे प्यायलो. शेवटी वुब्केनं चमचा कपात टाकला, ठण् करून, मग मी, मग ट्रिएन्त्ये.

हुकमात बोलण्याला बंदी आहे, फ्लोरा. गप्प बसण्याला नाही.

गेशे

२ सप्टेंबर १९१८

फ्लोरा,

थॉर्न माझ्या अंगणात येऊन गेला. घोडागाडीतून उतरला नाही, वरूनच विचारलं, "तुम्ही तिघी रोज फोन उचलून ठेवता अशी तक्रार आहे."

"उचलतो."

"काय बोलता?"

"काही नाही."

"काहीच नाही?"

"एक शब्द नाही. वाटलं तर तुम्हीही ऐका. पण आपला चहा घेऊन या."

 मग काय म्हणाला असेल? म्हणाला, "बाई, तुम्ही गप्प बसता ते कोणत्या भाषेत?"

देवाशपथ, असंच विचारलं. मी म्हटलं, "इंग्रजीत, साहेब. पण उच्चार थोडे चुकतात." वुब्केला हे सांगायला मला मैलभर चालत जावं लागलं, फोनवर सांगायची सोय नाही ना. ती इतकी हसली की तिच्या सुनेला पाठ चोळावी लागली.

हसू तेवढंच. बाकी दिवस फार लांब जातात. कधी कधी स्वतःशी मोठ्यानं बोलते, घर ऐकतंय का ते बघायला. मांजर होतं, तेही गोठ्यात राहायला गेलं.

आता मुद्द्याचं. तारेवर जितके फोन उचलले जातात तितका आवाज बारीक होतो, हे तुलाही ठाऊक आहे. आम्ही तिघी असतो तेव्हा वुब्केची साखर मला नीट ऐकू येते. पण ऑगस्टपासून ती क्षीण येते. चौथं कोणीतरी असतं. आमच्या आधी उचलत नाही, आमच्यानंतर ठेवत नाही. श्वास धरून उभं असतं. आणि त्याच्यामागे घड्याळ वाजतं. ते घसा बसलेलं, ठोका देण्याआधी खोकणारं घड्याळ. आईचं. आईनं ते तुला दिलं तेव्हा मला राग आला होता. आता वाटतं बरं झालं, निदान ओळखता तरी आलं.

जूनमध्येही तेच घड्याळ मी ऐकलं होतं, ट्रिएन्त्ये ते सगळं सांगत होती त्या दुपारी. मी समितीत ते बोलले नाही. आपलेच दात, आपलेच ओठ.

पण आता कशासाठी उचलतेस? आता तर लिहून न्यायला काही नाही. पेल्यात साखर विरघळते, ते कोणत्या वहीत मांडणार?

गेशे

१७ ऑक्टोबर १९१८

फोल्के,

आज तुला फ्लोरा लिहवत नाही.

काल मी दुसरा कप ओतत होते आणि तारेवर तुझा आवाज आला. आधी मला कळलंच नाही की कोणीतरी बोलतंय. तीन महिने तिथं शब्द नव्हता. "कोणी आहे का? एडिथला श्वास घेता येत नाही. कोणी आहे का?" प्लाटमध्ये. आपल्या खेड्यातल्या प्लाटमध्ये, आई बोलायची तसं ते ओढून.

कोणी आहे का, असं कशाला विचारलंस, वेडे? आम्ही असतो हे तुला रोज ऐकून माहीत होतं. म्हणून तर घंटी न वाजवता नुसता फोन उचलून बोललीस.

 हातातली किटली खाली ठेवायला सुचेना. वुब्केही गप्प. आणि बोलली कोण? ट्रिएन्त्ये. जिचं सगळं तुझ्या तोंडून आठ पुरुषांनी ऐकलं, ती.

"खोकला कसा आहे? कुत्रं भुंकल्यासारखा?"

"हो... हो. ओठ निळे पडलेत. लाइल डॉक्टरला आणायला गेलाय, पण डॉक्टर तापाच्या साथीत कुठं फिरतोय कोण जाणे."

"रडू नकोस. किटली चुलीवर आहे?"

"आहे."

"चादर घे. पोरीला मांडीवर घे, वर चादर ओढ, किटलीची वाफ आत घे. चटका लागेल इतकं जवळ नको. फोन ठेवू नकोस. तसाच लोंबकळत सोड, आम्हाला तिचा श्वास ऐकू दे."

तू सोडलास. मग आम्ही तिघी तीन घरांत उभ्या राहून तुझ्या लेकीचा श्वास ऐकत होतो. तो करवतीसारखा येत होता. मधे घड्याळ खोकलं आणि मला त्या घड्याळाचा गळा दाबावासा वाटला. वुब्के मोठ्यानं देवाची प्रार्थना करू लागली, प्लाटमध्ये, हुकूम गेला चुलीत. ट्रिएन्त्ये मधेच ओरडायची, "पाठीवर हात फिरव! खाली-वर!" मी काय केलं? मी ते बोटीवरचं गाणं म्हटलं, तू झोपावीस म्हणून म्हणायची ते. दुसरं काही येत नव्हतं मला.

मग करवत थांबली. माझं गाणंही थांबलं. आणि मग एडिथ रडली. चांगली, भरघोस, हट्टी रडली. ट्रिएन्त्ये म्हणाली, "रडतेय ना? मग जगली." आणि ती स्वतःच हुंदके देऊन रडायला लागली.

त्यानंतर लाइलच्या बुटांचा आवाज आला, त्याचा इंग्रजी आवाज आला, "कोणाशी बोलतेयस?" आणि फोन बंद झाला.

पोर कशी आहे? एवढं तरी कळव. कोरं पाकीट पाठव, मी समजेन.

गेशे

८ नोव्हेंबर १९१८

फोल्के,

कोरं पाकीट आलं. देवाचे उपकार.

लाइलनं घरी किती सांगितलं मला माहीत नाही, म्हणून सांगते. आम्हाला पुन्हा बोलावलं. तुला या वेळी दुभाषी म्हणून आणलं नाही, पाद्र्याला आणलं. थॉर्न म्हणाला, तारेवरच्या बाकीच्या घरांनी ऐकलंय, दुपारभर जर्मन चाललं होतं, प्रार्थना काय, गाणी काय. सुरुवात कोणी केली?

मी लाइलकडे बघितलं. त्याची पेन्सिल थांबली होती. फोल्के, तुझा नवरा वाईट माणूस नाही. तो घाबरलेला माणूस आहे. बायको जर्मन जन्माची, स्वतः समितीचा चिटणीस. इतरांपेक्षा दुप्पट मोठा झेंडा दारावर लावतो तो त्यामुळेच. तुझ्या घरातलं बोलणं उद्या बाहेर आलं असतं तर तेच आठ लोक तुमच्या दारात उभे राहिले असते.

"मी," मी म्हटलं.

"आणि दुसरं कोण?"

"मी एकटीच. मी फार बोलते. वुब्केला विचारा."

पाद्र्यानं वुब्केला विचारलं. ती म्हणाली, "मरेपर्यंत बोलेल ती. मेल्यावर पेटीत ठोकून बसवावी लागेल."

ट्रिएन्त्येला विचारलं. तिला एका वाक्यात तुझा सगळा हिशेब चुकता करता आला असता. तिनं थॉर्नकडे सरळ बघितलं आणि म्हणाली, "मी चहा पीत होते."

लाइलनं ते लिहून घेतलं.  दोषी म्हणून सगळ्यांची नावं लिहायच्या ऐवजी माझं एकच लिहिलं, ते मला चाललं.

दुसऱ्या दिवशी टेलिफोन मंडळीचा माणूस आला आणि भिंतीवरची पेटी काढून घेऊन गेला. भिंतीच्या कागदावर तिथं चौकोन राहिलाय, बाकीच्यापेक्षा उजळ, आणि दोन तारा बाहेर आलेल्या. लाइल बरोबर आला होता. आत आला नाही. फाटकापाशी टोपी हातात घेऊन उभा होता, आणि जाताना म्हणाला, "मी तुमचा ऋणी आहे." मी ऐकू आलं नाही असं दाखवलं. त्याचीही लाज राहावी.

आता चहाची वेळ झाली की मी त्या चौकोनासमोर खुर्ची ओढते. मूर्खपणा आहे. ऐकू काही येत नाही.

गेशे

२० डिसेंबर १९१८

फोल्के,

लढाई संपली, आणि आज दूधवाल्यानं सांगितलं की राज्यपालांचा हुकूमही मागं घेतला. मी म्हटलं, "मग माझा फोन?" तो म्हणाला, "समितीला विचारा." समितीच्या खोलीला कुलूप. थॉर्नच्या वखारीत गेले. तो म्हणाला, "समिती नाही, तर समितीचा निर्णय मी कसा बदलू?" म्हणजे काढताना ते होते आणि परत लावताना कोणी नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

टेलिफोन मंडळीकडे अर्ज कर, असं ट्रिएन्त्ये म्हणते. पण मंडळीत कोण आहे? तेच शेजारी. त्यांच्यापुढं हात पसरायची मला लाज वाटली, आणि खरं सांगते, भीतीही वाटली. मी उचलेन आणि तिकडून कोणीच उचलणार नाही याची.

चर्चमध्ये तू पुढच्या बाकावर होतीस. एडिथनं मागं वळून माझ्याकडे बघितलं आणि तू तिचं डोकं पुढं वळवलंस. मला लागलं. पण तिचे गाल चांगले भरलेत.

गेशे

६ मार्च १९२१

फोल्के,

वुब्के गेली, तुला कळलंच असेल. तू आली नाहीस. पाद्र्यानं इंग्रजीत प्रार्थना म्हटली. बाईला आयुष्यात इंग्रजीचे दोन शब्द येत होते, 'थँक्यू' आणि 'नो', त्यातला दुसरा ती जास्त वापरायची. नवीन कायद्यानं शाळेत लहान पोरांना आपली भाषा शिकवायची नाही, आणि आईबाप भीतीनं घरीही बोलत नाहीत, म्हणून तिच्या नातवंडांना आजीचं शेवटचं बोलणं कळलं नाही. धाकटी मला विचारत होती, "आजी काय म्हणाली?" मी सांगितलं, "खडीसाखर संपलीय, म्हणाली."

ट्रिएन्त्ये कुटुंबासह वसंतात मिनेसोटाला चाललीय. मग तारेवर आपल्यातलं कोणी उरणार नाही. तूच.

मी हार्मची पुस्तिका काढून रोज एक पान वाचते. शब्दकोश घेऊन. माझं इंग्रजी बरंच सुधारलंय. बोलायला कोणी नाही ही गोष्ट वेगळी.

गेशे

१० जून १९२३

फोल्के,

वर्तमानपत्रात वाचलं असशील. मी तीनदा वाचलं. नेब्रास्कातल्या एका मास्तरानं दहा वर्षांच्या पोराला जर्मनमधून बायबलची गोष्ट वाचायला शिकवली, त्याला दंड झाला, आणि तो थेट वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यायाधीशांनी सांगितलं की राज्याला इतकं आत शिरता येणार नाही. आयोवाचा कायदाही त्याबरोबर गेला. जे दुसरी भाषा बोलतात त्यांच्यावरही घटनेचं छत्र आहे, असं साफ म्हटलंय. म्हणजे 'आम्ही काँग्रेस नाही' हे थॉर्नचं उत्तर चुकलं. मी वर्तमानपत्र घेऊन वखारीत जाणार होते. टोपीसुद्धा घातली. मग लक्षात आलं, तो दोन वर्षांपूर्वी वारला.

मग कोणाला सांगू? हार्म नाही, वुब्के नाही, ट्रिएन्त्ये मिनेसोटात. मी अंगणात उभी राहून मोठ्यानं प्लाटमध्ये ओरडले, "मी म्हटलं होतं!" कोंबड्यांनी माना वर केल्या आणि पुन्हा टिपायला लागल्या.

आनंद झाला, खोटं कशाला बोलू. ट्रिएन्त्येची ती दुपार आठवली. जे घराच्या आत आहे त्याला राखण आहे, सरकारनं उंबऱ्यावर थांबायचं असतं, हे कोणीतरी मोठ्या माणसानं लिहून ठेवलं. पण संध्याकाळी चहा केला आणि भिंतीकडे बघितलं. चौकोन आता बाकीच्या कागदासारखाच पिवळा झालाय. न्यायाधीश सरकारला थांबवतील, फोल्के. तुला इकडं आणायचं काम त्यांचं नाही.

मला पाच वर्षांपूर्वीच्या प्रश्नाचं उत्तर आता नको. तू ऐकत होतीस. लाइलनं विचारलं असेल, 'काय बोलतात गं त्या?' आणि तू नवऱ्याला खरं सांगितलंस. तो ते वहीत लिहील हे तुला कळलं असतं तर सांगितलं नसतंस. मी असं धरून चालले आहे. चूक असेल तर मला दुरुस्त करू नकोस.

मला तुझी फार आठवण येते. एवढंच लिहायला मी नऊ ओळी कायद्यात घालवल्या.

गेशे

२१ सप्टेंबर १९२३

फोल्के,

घाईत लिहितेय, अक्षर लावून घे.

सकाळी टेलिफोनचा माणूस आला. न सांगता. शिडी, पेटी, सगळं घेऊन. मी म्हटलं, "मी मागवला नाही." तो म्हणाला, "मागणी आली आहे. कोणाची ते सांगायला मनाई आहे." त्याच चौकोनावर त्यानं पेटी बसवली. मी दिवसभर तिच्याभोवती फिरले, हात लावला नाही.

चहाच्या वेळी घंटी वाजली. दोन लांब, एक आखूड, ही माझ्या घराची खूण. पाच वर्षांनी माझी घंटी वाजली आणि मी उकळती किटली हातात घेऊनच धावले.

उचलला. कोणी बोलेना. मी बोलेना. आणि मग त्या घड्याळानं खोकला काढला.  मग कपात चहा पडला आणि साखर तडतडली. तू कॉफी पितेस ना गं आता? किती वर्षांत ऐकला नव्हता मी हा आवाज दुसऱ्या कोणाच्या घरून. मीही खडा टाकला, ओतला. तुला ऐकू गेलं का?

एक कप असा गेला. दुसरा ओतल्याचा आवाज आला. मी मनात म्हटलं, आता ठेवील. दुसऱ्या कपावरच उठते ही.

तेवढ्यात बारीक आवाज आला. तुझा नव्हता.

"मावशी?"

प्लाटमध्ये! आठ वर्षांची पोर, जिला कोणत्याही शाळेनं शिकवलं नाही, कोणत्याही चर्चनं शिकवलं नाही, जिचं डोकं तू माझ्याकडून वळवलं होतंस, ती आपल्या खेड्याचं प्लाट बोलत होती, ते ओढणं धरून. तूच शिकवलंस. दार लावून, घरात, कोणाला कळू न देता. केव्हापासून, फोल्के? त्या वाफेच्या दुपारपासून?

"मावशी, हा माझा दुसरा कप आहे," ती म्हणाली, पाठ केल्यासारखी, आणि मागं तू कुजबुजत होतीस ते मला ऐकू येत होतं. "आई म्हणते, तिसरा तुझ्याकडे प्यायचा राहिलाय."

आणि मी काय केलं? ज्या भाषेसाठी दोनदा समितीपुढं उभी राहिले, भिंत उघडी करून घेतली, ती बोलायची वेळ आली आणि मी मेली इंग्रजीत बोलले. "येस," म्हटलं. "येस, कम." घाबरले गं. तारेवर अकरा घरं आहेत, हे अजून हाडात आहे.

एडिथ खुदकन हसली. म्हणाली, "आई, मावशी इंग्रजी बोलते!" आणि तूही हसलीस.

रविवारी या. लाइललाही आण, फाटकापाशी टोपी घेऊन उभं राहायचं नाही म्हणावं. खडीसाखर आणून ठेवते. बशीवरची धूळ मी दर शनिवारी पुसत आले आहे, चमचा मात्र हलवलेला नाही.

तुझी गेशे